आवाज खालून येतो

दिल्लीला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, लाल किल्ला पाहिला का, कुतुबमिनार पाहिला का. मी यातलं काहीही पाहिलं नाही. नऊ दिवसांत जे पाहिलं, ते बरंचसं एका जुन्या व्हॅनच्या पोटाखाली वाकून पाहिलं. तरी प्रवास झाला नाही असं म्हणवत नाही, म्हणून लिहितेय.

मी बत्तीस वर्षं मिरजेच्या एका शाळेत खेळाची बाई होते. तोंडात शिट्टी आणि पायाला भिंगरी. मला एका जागी बसवणं म्हणजे शिक्षाच. तर अशी मी, फेब्रुवारीच्या थंडीत थोरल्या बहिणीला, मीनाताईला, घेऊन यायला गाझियाबादला गेले. भाऊजी दिवाळीनंतर गेले. केंद्र सरकारच्या नोकरीत सगळा जन्म दिल्लीत काढला, निवृत्त झाल्यावर गाझियाबादला फ्लॅट घेतला. मूलबाळ नाही. एकटी बाई त्या परमुलखात कशी राहणार, असं आम्ही भावंडांनी मिरजेत बसून ठरवलं आणि ताईला फोनवर कळवलं. ती "अच्छा" म्हणाली. तिकडच्या माणसाचा 'अच्छा' म्हणजे होकार नसतो, ऐकलं एवढंच असतं, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

भाऊजींची व्हॅनही आणायची होती. महिनाअखेर तिला पंधरा वर्षं पूर्ण होत होती, आणि एवढी जुनी गाडी त्या भागात रस्त्यावर आणू देत नाहीत. आमच्याकडे अजून चालते. मी पन्नाशीत गाडी शिकले आणि तेव्हापासून स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देववत नाही. दोघी बहिणी जयपूर, उदयपूर करत चार दिवसांत मिरज गाठू, असा माझा बेत होता.

गाझियाबाद

पहिल्या संध्याकाळी मी व्हॅन सोसायटीच्या आवारातून एक चक्कर मारून आणली. गतिरोधकावर पुढची चाकं चढली आणि 'चुईंऽऽक' असा आवाज आला. उतरली तेव्हा पुन्हा. वळवली तर कुरकुर. दोन सायकली बाजूला झाल्या आणि गच्चीवरून एका बाईनं डोकावून पाहिलं.

"हा आवाज कधीपासून?" मी विचारलं.

"थंडीत येतो थोडा," ताई म्हणाली. "अशा आवाजात दीड हजार किलोमीटर नाही ग बसवणार मला. डोकं उठेल. आधी तो घालव, मग चलो."

मला तेच पाहिजे होतं. काम मिळालं की मी खूश. ताईनं मटार घातलेले पोहे केले होते. आमच्याकडे पोह्यांत मटार म्हणजे पाहुणा, तिकडे थंडीत पोहेच मटाराच्या घरी आल्यासारखे. खाताना ती म्हणाली, "तुझे भाऊजी असताना ही गाडी कधी खाली नाही गेली, शैले."

मला वाटलं, खाली म्हणजे आपल्याकडे, महाराष्ट्रात. नकाशात खालीच आहोत की आपण. म्हटलं, "आता नेऊ की!" ताईनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि आणखी पोहे वाढले.

सकाळी दहापर्यंत धुकं. मी सहाला उठून बूट घालून तयार, आणि खिडकीबाहेर समोरची इमारतसुद्धा नाही. चार वेळा जिना उतरले आणि चढले. ताई स्वेटर विणत बसली होती. तिच्या सुयांचीही मला घाई झाली.

गॅरेज बस अड्ड्याच्या मागे होतं. एक पत्र्याची शेड, बाहेर कडुनिंब, आणि मफलर गुंडाळलेले युनुस उस्ताद. साठीचे असतील. भाऊजींची गाडी गेली कित्येक वर्षं तेच बघायचे. त्यांनी आधी ताईला खुर्ची दिली, साहेबांसाठी दोन शब्द बोलले, चहा मागवला, आणि मग गाडीकडे वळले. आमच्याकडे मिस्त्री आधी बॉनेट उघडतो, चौकशी नंतर. मी तोवर शेडला दोन फेऱ्या घातल्या होत्या.

"उस्ताद, आवाज आता है," मी म्हणाले.

"आती है," ताई हळूच म्हणाली. हिंदीत आवाज बाई असतो, हे मी नेहमी विसरते.

"आती है. खाली से आती है. एकदम खाली से."

"अच्छा, खाली में आती है?" उस्तादांनी मान डोलावली. "भरी हो तो नहीं आती?"

मला त्यातलं 'खाली' आणि 'नहीं' एवढंच नीट ऐकू आलं. मागून ट्रक जात होता. म्हटलं, "हाँ, हाँ. नहीं."

"तब तो पीछे की कमानी है."

मागच्या चाकांवरचे कमानीचे पट्टे त्यांनी सोडवले, घासले, ग्रीस भरलं. मी पुढून आवाज येतो म्हणून सांगणार होते. पण वैद्याला काय, नाडी कुठली बघायची ते कळत असेल, म्हणून गप्प बसले. सारा दिवस गेला. मग उस्तादांनी आजूबाजूच्या दुकानांतून पाच दांडगी माणसं बोलावून मागे बसवली आणि गाडी मोठ्या रस्त्यावर फिरवून आणली. आवाज आला नाही. कसा येईल? पाचही जण एकदम क्रिकेटवर बोलत होते.

"भरी गाड़ी बिल्कुल चुप है," उस्ताद समाधानानं म्हणाले.

घरी येताना पहिल्याच गतिरोधकावर चुईंऽऽक. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मी स्टिअरिंगवर मूठ आपटली. ताई खिडकीतून बाहेर बघत होती. ती म्हणाली, "करोल बागेत पार्ट चांगले मिळतात. उद्या जाऊ या."

करोल बाग

मेट्रोनं गेलो. मेट्रोत बायकांचा डबा वेगळा, आणि त्यात ताई अशी बसली जशी मी आमच्या शाळेच्या मैदानावर उभी राहते. उतरायचं कुठे, जिना कुठला, गर्दीत खांदा कसा घालायचा, सगळं तिला पाठ. मिरजेला आली की हीच ताई रिक्षावाल्याशी बोलायला मला पुढे करते.

गाड्यांच्या सामानाचे बोळ एकीकडे आणि साड्यांची दुकानं एकीकडे. मला आधी पार्ट घ्यायचा होता, पण ताई म्हणाली, आधी खाऊन घेऊ. एका गाडीवर छोले-कुलचे खाल्ले. वर मुळ्याचा कीस, लिंबू, हिरवी चटणी. डोळ्यांतून पाणी आलं. मिसळीचा तिखटपणा समोरून येतो, हा हळूच येऊन मागून धरतो. गाडीवाला ताईला ओळखत होता.

"बहुत दिन बाद, माता जी. साब नहीं आए?"

ताईनं सांगितलं. त्यानं झारा खाली ठेवला, हात जोडले, आणि न मागता तिच्या पानात आणखी एक कुलचा ठेवला. माझ्याकडे बघून विचारलं, "ये?"

"मेरी छोटी बहन. घूमने आई है."

"फिरायला?" बाजूला आल्यावर मी विचारलं. "मी तुला न्यायला आलेय ताई."

"अग, तेच ते," ती म्हणाली, आणि शिंप्याकडे वळली. शिंप्यानंतर बांगड्यांचं दुकान, मग लोकर. प्रत्येक ठिकाणी भाऊजींची चौकशी, प्रत्येक ठिकाणी बसायला स्टूल, आणि मी फूटपाथवर एका पायावरून दुसऱ्या पायावर. चार वाजता एकदाचं पार्टचं दुकान आलं.

"आगे का रबर चाहिए," मी व्हॅनचं नाव सांगून म्हणाले. "खाली का."

"खाली रबर?" दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "पूरा सेट नहीं?"

"नहीं, नहीं. खाली."

त्यानं एका पुडीत चार रबरी कड्या बांधून दिल्या. ताई माझ्या शेजारी उभी होती. नव्या लोकरीचं टोक शोधत होती.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी पुडी उघडली आणि कपाळाला हात लावला. या कड्या पुढच्या एका सळीच्या. बाईंनी आणल्यात म्हणून त्यांनी त्या बसवल्या. बिचारी सळी आधीही ठीक होती, नंतरही ठीक राहिली. आवाज होता तसाच.

हिंदूराव

सहावा दिवस. महिनाअखेर जवळ येत होती. मिरजेहून भावाचे फोन, निघालात का, निघालात का. मी रात्री नकाशा उघडायची, रस्ता बोटानं गिरवायची आणि पुन्हा मिटायची. ताईची एकही बॅग भरलेली नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "आवाज तर जाऊ दे."

तिनंच सुचवलं की गाडी चढावर चालवून बघावी, म्हणजे आवाज नीट कळेल. चढ कुठे? तर हिंदूरावला. गाझियाबादहून यमुना ओलांडून, अर्धी दिल्ली पालथी घालून चढ शोधायला जाणाऱ्या आम्ही दोघीच. वाटेत तीनदा चुकले. एका चौकात मी डावीकडे सिग्नल देऊन उजवीकडे वळले आणि मला चार भाषांत शिव्या मिळाल्या. ताईनं त्यातल्या दोन मला समजावून सांगितल्या.

हिंदूरावचा रस्ता टेकडीवर चढतो. वर मोठं सरकारी हॉस्पिटल आहे आणि भोवती झाडी. ग्वाल्हेरहून आलेले कुणी मराठी सरदार इथे राहायचे, त्यांचं नाव टेकडीला चिकटलं. आता रिक्षावालेसुद्धा 'हिन्दूराव, हिन्दूराव' म्हणून ओरडतात. मला गंमत वाटली. आपल्याकडचं नाव, आणि ते उच्चारणाऱ्या कुणालाच तो माणूस कोण, हे माहीत नाही.

चढावर आवाज खणखणीत येत होता, त्यात शंका नाही. मी गाडी कडेला घेतली. काच खाली केली तेवढ्यात एका माकडानं हात घालून गजकची पुडी उचलली. तिळगुळाची ही पातळ, कुरकुरीत चिक्की मला फार आवडली होती, मिरजेसाठी घेतली होती. माकडानं भिंतीवर बसून पुडी शांतपणे सोडली. मी शिट्टी मारली, तोंडानंच. त्यानं बघितलंसुद्धा नाही.

ताई हसत हसत खाली उतरली आणि मला खालच्या एका गल्लीशी घेऊन गेली. पहिल्या मजल्यावर एक अरुंद गॅलरी होती, तिथे कुणाची तरी गोधडी वाळत होती.

"ही आमची पहिली खोली," ती म्हणाली. "इथे आले तेव्हा मला हिंदी येत नव्हतं. दूधवाल्याला म्हणायचे, 'उद्या आओ'. तो बिचारा उद्या म्हणजे कोण म्हणून विचारायचा. चार महिने रोज रडले. तुझे भाऊजी म्हणाले, परत जायचं असेल तर तिकीट काढतो. मी म्हटलं, थांबा, आधी दूधवाल्याला समजू दे."

"मग?"

"मग काय. समजलं."

मी घड्याळ बघत होते. आता लाज वाटते, पण बघत होते. म्हणाले, "ताई, आपल्याला उशीर होतोय."

ती टेकडीकडे बघून म्हणाली, "त्या हिंदूरावांना कुणी आलं असेल का ग, परत न्यायला?"

मी चिडले. सहा दिवसांचं सगळं तोंडून बाहेर पडलं. म्हणाले, "तुला यायचं नाहीये का? तसं सांग! आम्ही काय तुझं वाईट चिंततोय? तू एकटी पडशील, आजारी पडशील, कोण बघेल तुला?" गल्लीतली माणसं बघायला लागली. ताई गाडीकडे चालू लागली. परतीच्या वाटेवर फक्त गाडी बोलत होती.

पुन्हा उस्तादांकडे

आठव्या दिवशी मी गॅरेजमध्ये भांडायच्या तयारीनं गेले. ताईही आली. उस्तादांनी चहा मागवला. मी ग्लास रिकामा केला, ठेवला आणि सुरू झाले.

"उस्ताद, आठ दिन हो गए! मैं पहले दिन से बोल रही हूँ, खाली से, खाली से, खाली से!"

"हाँ जी, तो कमानी..."

मी सरळ जमिनीवर बसले. साडीचा काचा खोचला, पुढच्या चाकामागे हात घातला आणि बोट दाखवलं. "ये! इधर! खाली!"

उस्ताद वाकले. माझ्या बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग माझा चहाचा रिकामा ग्लास उचलून उलटा धरला.

"मैडम जी, ये खाली है." मग गाडीच्या पोटाकडे बोट केलं. "और वो नीचे है. नीचे!"

मी साडी झटकत उठले. आमच्या शाळेत आम्ही सगळे हिंदीत 'खाली उतरो' म्हणतो आणि मुलं उतरतात. हे हिंदी नाही अशी शंकासुद्धा मला कधी आली नव्हती. उस्ताद हसायला लागले, शेजारचा पंक्चरवाला हसायला लागला, मीही हसले. रिकामी असताना आवाज करते म्हणून कमानी, आणि नुसतं रबर हवं म्हणून कड्या! सगळ्याचा उलगडा झाला. आणि हसता हसता माझी नजर ताईकडे गेली.

ताई हसत नव्हती. लोकरीच्या गुंड्याकडे बघत होती.

माझी हिंदी कच्ची, मान्य. पण ताईची? स्वप्नंसुद्धा निम्मी हिंदीत पडत असतील तिला. पहिल्या दिवशी तिनं माझा 'आता है' सुधारला होता. 'खाली' तसंच ठेवलं होतं.

उस्तादांनी चाकामागच्या आडव्या दांड्याच्या जोडातल्या रबरी नळीवर, म्हणजे बुशवर, मगभर पाणी ओतलं आणि गाडी पुढून दाबली. आवाज बंद. "देखा? रबर सूख गया है. पानी सूखेगा, फिर बोलेगी." दोन्ही बाजूंचे बुश काढून नवे दाबून बसवायला दोन तास लागले. मी ताईकडे पाठ करून बसले. शेडला फेऱ्याही घातल्या नाहीत.

नवे बुश बसले, चाकं चढली, पण उस्तादांनी बोल्ट कसले नाहीत. आधी जॅक काढला, गाडी जमिनीवर टेकवली, हलवली, मग खाली शिरून कसायला लागले. मी विचारलं, वर होती तेव्हाच का नाही कसले? सोपं गेलं असतं.

"हवा में कसोगे तो रबर मरोड़ खा जाएगा," गाडीखालून त्यांचा आवाज आला. "अपने पैरों पर खड़ी हो, तब कसते हैं. नहीं तो महीने भर में फिर रोएगी."

ताईनं मान वर केली. मीही ऐकलं होतं. आम्ही मिरजेत बसून भाऊजी गेल्यापासून काय करत होतो, ते मला त्या शेडमध्ये समजलं. माणूस जाऊन महिना झाला नव्हता, आणि आम्ही ताईला जॅकवर चढवून बोल्ट कसायला बसलो होतो.

त्या संध्याकाळी गाडी घरी आणली. तीन गतिरोधक आले, गाडीनं चकार शब्द काढला नाही. मला रडू आलं.

"पहिल्या दिवशीच कळलं होतं ना तुला?" मी जिन्यात विचारलं.

"कळलं होतं," ताई म्हणाली. "मग वाटलं, दोन दिवस मिळतील. मग आणखी दोन. तोंडावर नाही म्हणायला जमेना ग. तुम्ही सगळ्यांनी एवढ्या मायेनं ठरवलेलं." पुढची पायरी चढत म्हणाली, "तू मला न्यायला आलीस. मला वाटलं, आधी हिला मी कुठे राहते ते तर दिसू दे. तू गाडीखालीच बघत राहिलीस."

"मग आता?"

"गाडीला पंधरा वर्षं झाली म्हणून तिला जावं लागतं. मला तसं अजून कुणी सांगितलेलं नाही." ती किल्ली शोधत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "पुढे वाटलं तर येईन. स्वतः येईन. आत्ता नको."

मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळे राग आला. म्हटलं, "मग माझी गजकची पुडी भरून दे. ती तरी नेते."

निघाले

नवव्या दिवशी धुकं उठल्यावर निघाले. ताई आणि उस्ताद दोघंही आवारात आले होते. उस्तादांनी चारी चाकं ठोकून बघितली. ताईनं पुढच्या सीटवर डबा ठेवला, मटार घातलेल्या पोह्यांचा, आणि मागच्या सीटवरून हात फिरवला. तिथे बसून निजामुद्दीन स्टेशनवरून कितीतरी मराठी माणसं तिच्या घरी पहिल्यांदा आली होती. कुणी नोकरीला, कुणी परीक्षेला, कुणी कॅन्टोन्मेंटमधल्या नवऱ्याकडे. भाऊजी स्टेशनवर जाताना वाटेत कुणाच्या घरी द्यायची भाजी तरी नेत, येताना माणसं आणत. 'ही गाडी कधी खाली नाही गेली' असं पहिल्या संध्याकाळी ताई का म्हणाली होती, ते मला तेव्हा कळलं.

"पोचलीस की फोन कर," ती म्हणाली. मी आरशात बघितलं तर ती हात हलवत नव्हती, नुसती उभी होती, दोन्ही पाय रोवून.

रस्ता चांगला होता. मोहरीची पिवळी शेतं, उंटाच्या गाड्या, ढाब्यावर कढी-चावल. व्हॅन इतकी गप्प की मला करमेना. एका गावात मी मुद्दाम गतिरोधकावरून जोरात नेली, निदान एकदा तरी चुईंक करेल म्हणून. नाही केलं.

राजस्थानच्या नाक्यावर पोलिसानं हात दाखवला. काच खाली केली.

"अकेली हो, मैडम? गाड़ी में क्या है?"

मी मागे वळून बघितलं.

"कुछ नहीं," मी म्हणाले. "खाली जा रही है."

त्यानं आत डोकावून बघितलं, मान हलवली आणि जायला सांगितलं. नऊ दिवसांत पहिल्यांदाच माझी हिंदी कुणाला तरी बरोबर कळली होती.